कोकणात राहून अमेरिकेचा इतिहास, शासन आणि मानवी भूगोल: अकरावी-बारावीसाठी अभ्यासाची पद्धत

अमेरिकेचा इतिहास, तिथली शासनव्यवस्था आणि मानवी भूगोल हे विषय अकरावी-बारावीत हाती घेणारी मुलं कोकणात थोडी आहेत, पण आहेत. काहींना परदेशी विद्यापीठांसाठी ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट, म्हणजे एपीच्या (शाळेत असतानाच द्यायच्या कॉलेजच्या पातळीच्या अमेरिकी) परीक्षा द्यायच्या असतात. काही जण बोर्डाचे इतिहास, राज्यशास्त्र, भूगोल करता करता जोडीला हे वाचतात, कारण पुढे कायदा किंवा स्पर्धा परीक्षा डोक्यात असते. दोघांचंही घोडं एकाच ठिकाणी अडतं. पुस्तकातली माणसं, गावं आणि खटले इतके लांबचे वाटतात की सगळं पाठ करावं लागतं, आणि पाठ केलेलं महिनाभरात उतरतं.

त्यावर पद्धत अशी: संकल्पना आपल्या वाडीत, तालुक्यात, जिल्ह्यात पकडायची आणि उत्तरात पुरावा मात्र अमेरिकेचा द्यायचा. पहिलं सोडलंत तर घोकंपट्टी होते, दुसरं सोडलंत तर गुण जातात. अमेरिकेच्या इतिहासाच्या पेपरात महाडचा सत्याग्रह कितीही छान लिहिला तरी तो पुरावा म्हणून धरला जात नाही. मानवी भूगोलाचं मात्र वेगळं आहे. प्रश्नात एखादा देश ठरवून दिलेला नसेल तर तिथे जगातलं कुठलंही खरं उदाहरण चालतं, त्यामुळे रत्नागिरी जिल्हा थेट उत्तरपत्रिकेत जाऊ शकतो.

क्रम आणि वर्षाचं गणित

आधी मानवी भूगोल, मग शासन, शेवटी इतिहास. भूगोलाला मागचं वाचन कमी लागतं आणि प्रयोगशाळा दारातच असते. शासनाचा अभ्यासक्रम आटोपशीर आहे, आणि राज्यघटना नीट कळल्याशिवाय अमेरिकेच्या इतिहासातली निम्मी भांडणं कळत नाहीत. इतिहासाला सर्वांत जास्त वेळ लागतो. एपी द्यायची असेल तर अकरावीच्या मे महिन्यात भूगोल आणि बारावीच्या मे महिन्यात शासन आणि इतिहास, अशी वाटणी सोसते.

बारावी बोर्डाची लेखी परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये होते आणि एपीच्या परीक्षा मेच्या पहिल्या पंधरवड्यात सुरू होतात. कागदावर मधला सव्वा महिना मोकळा दिसतो. प्रत्यक्षात शिमगा याच दिवसांच्या आसपास येतो आणि एप्रिल संपता संपता घर चाकरमान्यांनी भरतं. आंब्याच्या पेट्या भरायला, पाहुण्यांना आणायला-पोचवायला घरातलं शिकणारं पोरच हाताशी असतं. म्हणून नवीन वाचन डिसेंबरअखेर संपवायचं आणि एप्रिल फक्त सराव उत्तरपत्रिकांना ठेवायचा. पावसाळ्यात वीज आणि नेट दोन्ही बेभरवशाचे, तेव्हा जून ते सप्टेंबर लागणारे दस्तऐवज आधीच उतरवून, शक्य तर छापून ठेवा. गणपतीचे दिवस अभ्यासात धरूच नका. धरले की वेळापत्रक मोडतं आणि मोडलेलं वेळापत्रक पुन्हा उभं करण्यात आणखी आठवडा जातो.

परीक्षा केंद्र जवळ मिळणार नाही हे धरूनच चालायचं. मुंबई-पुण्यातल्या ज्या शाळा एपी घेतात, त्यांतल्या प्रत्येक शाळेने बाहेरचा विद्यार्थी घ्यावाच असं नसतं. नोंदणी आदल्या वर्षाच्या शेवटी होते, म्हणून गणपती उरकले की लगेच फोनाफोनी सुरू करा. दुसरी गोष्ट: हे तिन्ही पेपर आता संगणकावर होतात आणि निबंध टाइप करावे लागतात. मराठी माध्यमातल्या हुशार मुलाला मुद्दे येतात, इंग्रजी टायपिंग येत नाही, आणि पेपर अर्धा राहतो. दिवाळीपासून रोज वीस मिनिटं टायपिंग केलं तर ही अडचण मेपर्यंत सुटते.

मानवी भूगोल: वाडीपासून सुरुवात

अभ्यासक्रमाचे सात घटक आहेत: भौगोलिक विचाराची साधनं, लोकसंख्या आणि स्थलांतर, संस्कृती, राजकीय भूगोल, शेती आणि ग्रामीण भूमिउपयोजन, शहरं, उद्योग आणि विकास. बारावीच्या बोर्डाच्या पुस्तकातली लोकसंख्या, मानवी वसाहती, प्राथमिक-द्वितीयक-तृतीयक व्यवसाय ही प्रकरणं यात बऱ्यापैकी मिसळतात, त्यामुळे मेहनत दुप्पट होत नाही.

सगळ्यात आधी एक पाहणी करा. ४० ते ५० घरांची एक वाडी निवडा. वहीत प्रत्येक घराला एक ओळ: घर उघडं की कुलूपबंद, सध्या राहतात ती माणसं, त्यांचं वय आणि स्त्री की पुरुष, बाहेरगावी असलेली माणसं, कुठे, साधारण कधीपासून, कशासाठी, भातशेती कोण करतं, की पड आहे. नावं लिहू नका, घरांना क्रमांक द्या. माणसं मोकळेपणाने सांगतात आणि वही कुणाच्या हाती लागली तरी चावडीवर चर्चा होत नाही.

पाहणी कधी करता यावर सगळं अवलंबून आहे. लावणी आटोपल्यावर, गणपतीच्या आधी करा. गणपतीत, शिमग्यात किंवा मे महिन्यात केलीत तर मुंबईची माणसं वाडीत मोजली जातील आणि तरुण पुरुषांचा आकडा फुगेल. दुसरी चूक शिधापत्रिकेवरून मोजण्याची. शिधापत्रिकेवर नाव गावात आणि माणूस नालासोपाऱ्यात, हे चित्र घरोघर आहे. प्रत्यक्ष हजर माणूस मोजायचा की नेहमीच्या राहण्याच्या जागी मोजायचा, हा जनगणनेच्या शास्त्रातला खराखुरा प्रश्न आहे. अमेरिकेची जनगणना १७९० पासून दर दहा वर्षांनी होते आणि माणूस त्याच्या नेहमीच्या राहत्या जागी धरला जातो. म्हणजे वसतिगृहात राहणारा विद्यार्थी आईबापांच्या गावात मोजला जात नाही. तुमच्या वाडीतला लालबागचा काका कुठे मोजायचा, याचं उत्तर वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा आणि शेवटपर्यंत तोच नियम पाळा.

मग लोकसंख्येचा मनोरा काढा. डावीकडे पुरुष, उजवीकडे स्त्रिया, खाली लहान वयोगट, वर म्हातारे. प्रत्येक पट्टीची लांबी वाडीच्या एकूण लोकसंख्येच्या टक्केवारीत. इथे हमखास चूक होते: पुरुषांची टक्केवारी फक्त पुरुषांच्या एकूण संख्येवर काढली जाते आणि मग दोन्ही बाजू सारख्याच भरतात, तफावत दिसतच नाही. वाडीत १६० माणसं असतील आणि साठीतल्या स्त्रिया ८ असतील, तर पट्टी ५ टक्क्यांची. एक सेंटिमीटरला दोन टक्के हे प्रमाण आलेखवहीवर बसतं. एवढ्या छोट्या संख्येला पाच-पाच वर्षांचे गट घेऊ नका, दोन माणसं इकडची तिकडे झाली तरी मनोरा दातेरी होतो. वाडीला दहा वर्षांचे गट, जिल्ह्याला पाच वर्षांचे.

आता जिल्ह्याचे आकडे शेजारी ठेवा. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,१५,०६९ होती आणि दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. सिंधुदुर्गात ८,४९,६५१ लोक आणि दर हजारी १,०३६ स्त्रिया. त्याच वेळी मुंबई शहर जिल्ह्यात हे प्रमाण ८३२ होतं. २००१ ते २०११ या दशकात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. नुसतं लिंगगुणोत्तर दिलं तर कुणी म्हणेल, कोकणात मुली जास्त जन्मतात. तसं नाही, कमावते पुरुष बाहेर गेलेत. आकड्यामागचं कारण सांगणं म्हणजे गुण, आणि ते कारण तुमच्या वहीतल्या 'बाहेरगावी' या रकान्यात लिहिलेलं आहे.

स्थलांतराचे सगळे शब्द या एका वहीवर बसवता येतात. ढकलणारी कारणं: कातळ, एकाच हंगामाचं भात, तुकड्यातुकड्यांची जमीन. ओढणारी कारणं: गिरणी, गोदी, पोलीस, पुढे कारखाने आणि कार्यालयं. साखळी स्थलांतर म्हणजे गावच्या मंडळाची परळ-लालबागची खोली, जिथे आधी गेलेला मागून आलेल्याला आसरा देतो. परतीचा पैसा म्हणजे मनीऑर्डर, जिच्यावर कोकणातली घरं पिढ्यान् पिढ्या चालली. याला जोडून अमेरिकेचं महास्थलांतर वाचा: १९१० ते १९७० च्या दरम्यान सुमारे ६० लाख आफ्रिकन-अमेरिकन लोक दक्षिणेतून शिकागो, डेट्रॉइट, न्यूयॉर्कसारख्या शहरांत गेले. तुलना करताना फरकावर बोट ठेवा. तिथे ढकलणाऱ्या कारणांत वंशभेदाचे कायदे आणि हिंसा होती, आणि कुटुंबंच्या कुटुंबं कायमची हलली. इथे बराच काळ पुरुष एकटा गेला आणि घर, शेत, देव गावात राहिले. म्हणूनच इथल्या मनोऱ्याला मधे खाच पडते.

गुरुत्व प्रतिमानाचं गणित एकदा स्वतः करून बघा. दोन गावांतली ओढ ही त्यांच्या लोकसंख्यांच्या गुणाकाराला अंतराच्या वर्गाने भागून येते. रत्नागिरी दोन्हीकडे सारखीच, म्हणून ती सोडून द्या. मुंबई सुमारे १२४ लाख, अंतर साधारण ३४० किलोमीटर: १२४ भागिले १,१५,६०० म्हणजे ०.००१०७. कोल्हापूर सुमारे ५.५ लाख, अंतर साधारण १३० किलोमीटर: ५.५ भागिले १६,९०० म्हणजे ०.०००३३. अडीचपट लांब असूनही मुंबईची ओढ तिपटीहून जास्त निघते. अंतराचा वर्ग करायला विसरलात तर ती साडेआठपट येते. उत्तर अवास्तव वाटलं की आधी तिथेच बघा.

फॉन थ्यूनन या जर्मन अर्थतज्ज्ञाचं १८२६ चं शेतीचं प्रतिमान सगळ्यांना पाठ असतं: शहराभोवती वर्तुळं, नाशवंत माल जवळ, धान्य आणि गुरं लांब. परीक्षेत त्याची मर्यादा विचारतात आणि तिथे पोरं अडतात. देवगड हापूसकडे बघा. आंबा नाशवंत, तरी मुख्य बाजारपेठेपासून शेकडो किलोमीटर लांब, कारण जांभा, खारी हवा आणि उतार तिथे आहेत. वाशीचा बाजार रात्रभराच्या ट्रकने जवळ येतो. सपाट, एकसारख्या जमिनीचं गृहीतक कोकणात पहिल्याच खाडीवर मोडतं.

संस्कृतीच्या घटकासाठी दहा शब्दांची यादी करून मालवणी, संगमेश्वरी आणि घाटावरची बोली कुठे बदलते ते नकाशावर रेषेने दाखवा, एवढं पुरे.

शासन: तीन रकान्यांची वही

इथे एक वही करा आणि प्रत्येक पान तीन रकान्यांत विभागा: अमेरिका, भारत, फरकाचा परिणाम. तिसरा रकाना रिकामा राहिला तर पहिले दोन भरण्यात फारसा अर्थ नाही.

उदाहरणादाखल एक पान. अमेरिकी सिनेटमध्ये १०० सदस्य, प्रत्येक राज्याचे दोन, मुदत सहा वर्षं, दर दोन वर्षांनी एक तृतीयांश जागांची निवडणूक. राज्यसभेतही सहा वर्षं आणि दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सदस्य निवृत्त. इथपर्यंत जुळ्या बहिणी. पण राज्यसभेत महाराष्ट्राचे १९ आणि गोव्याचा १, म्हणजे जागा लोकसंख्येच्या अंगाने. अमेरिकेत सर्वांत जास्त लोकसंख्येचं कॅलिफोर्निया आणि सर्वांत कमी लोकसंख्येचं वायोमिंग, दोघांचे दोनच. परिणाम: छोट्या राज्यांच्या हातात संख्येच्या मानाने जास्त जोर. आता मागे जाऊन १७८७ च्या फिलाडेल्फिया अधिवेशनातली मोठी तडजोड वाचा, म्हणजे एका सभागृहात लोकसंख्या आणि दुसऱ्यात समान वाटा का ठरला ते आपोआप बसतं.

निर्वाचक मंडळ हा सर्वांत गोंधळाचा भाग, कारण निर्वाचक मंडळ आपल्याकडेही आहे. आपले राष्ट्रपती निवडून आलेले खासदार आणि आमदार निवडतात. अमेरिकेत मतदार आपल्या राज्यातले निर्वाचक निवडतात. एकूण ५३८: प्रतिनिधिगृहाचे ४३५, सिनेटचे १००, आणि १९६१ च्या २३ व्या दुरुस्तीने राजधानी वॉशिंग्टनला मिळालेले ३. जिंकायला २७० हवेत. मेन आणि नेब्रास्का सोडून सगळीकडे राज्यात ज्याला जास्त मतं त्याला त्या राज्याचे सगळे निर्वाचक. हे पक्कं करायला महाराष्ट्रावर बसवा: लोकसभेच्या ४८ जागा अधिक २, असे ५० निर्वाचक. राज्यात एक उमेदवार एका मताने पुढे असला तरी पन्नासच्या पन्नास त्याचे. मग देशभरात जास्त मतं मिळवूनही उमेदवार हरतो कसा, हे विचारायची गरज उरत नाही. २००० आणि २०१६ मध्ये तेच झालं.

अपूर्णांक मात्र पाठच करावे लागतात. राष्ट्राध्यक्षांचा नकाराधिकार उलटवायला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश. घटनादुरुस्ती मांडायला दोन्हीकडे दोन तृतीयांश, मंजुरीला तीन चतुर्थांश राज्यं, म्हणजे ५० पैकी ३८. महाभियोग चालवायचा ठराव प्रतिनिधिगृहात साध्या बहुमताने, दोषी ठरवायला सिनेटमध्ये दोन तृतीयांश. महाभियोग झाला म्हणजे पद गेलं, असं लिहिणारे दरवर्षी असतात. आजवर २७ दुरुस्त्या झाल्या; आपल्या घटनेत शंभराच्या वर. राज्यांची मंजुरी सरसकट लागत असल्याने तिथे दुरुस्ती अवघड, म्हणून तिथला बदल बराचसा न्यायालयाच्या अर्थ लावण्यातून होतो. हे एक वाक्य अनेक प्रश्नांना पुरतं.

न्यायालयाचं पान उघडताना मार्बरी विरुद्ध मॅडिसन, १८०३. कायदा घटनेविरुद्ध असेल तर न्यायालय तो रद्द करू शकतं, हे अमेरिकेच्या घटनेत स्पष्ट लिहिलेलं नाही, सरन्यायाधीश मार्शल यांनी या निकालात ते प्रस्थापित केलं. आपल्याकडे मूलभूत हक्कांशी विसंगत कायदा शून्य ठरतो, हे कलम १३ मध्येच आहे. बाकीचे ठरावीक खटले एकेका कार्डावर लिहा: वाद काय, घटनेचं कुठलं कलम किंवा दुरुस्ती, निकाल, आणि कारण. चौथी ओळ, कारण, नसेल तर तुलनेच्या प्रश्नात कार्डाचा उपयोग नाही, कारण तिथे अनोळखी खटला देऊन ओळखीच्या खटल्याशी ताडायला सांगतात.

मतदारसंघांची आखणी हा शासन आणि भूगोल दोन्हीत येणारा विषय आहे. आपल्याकडे परिसीमन आयोग आखतो. अमेरिकेत बहुतेक राज्यांत राज्याचं विधिमंडळच आखतं, म्हणजे ज्याच्या हाती सत्ता त्याच्या हाती पेन्सिल. जनगणनेनंतर जागाही राज्याराज्यांत फिरतात. २०२० नंतर टेक्सासच्या दोन वाढल्या, न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियाची प्रत्येकी एक कमी झाली. सरावाला तुमच्या तालुक्याचा नकाशा घ्या, पाच सारख्या लोकसंख्येचे भाग पाडा, आणि मग तेच भाग असे पुन्हा पाडा की एका गटाला पाचपैकी चार मिळतील. तासाभराच्या खटपटीत विरोधी मतदार एकाच भागात एकगठ्ठा कोंबणं आणि अनेक भागांत फोडून पांगवणं या दोन्ही युक्त्या हाताला कळतात.

इतिहास: कारणांची साखळी

एपीच्या इतिहासात १४९१ पासून आजपर्यंतचे नऊ कालखंड आहेत. १८४४-१८७७ नंतर १८६५-१८९८ असे ते एकमेकांवर चढलेले दिसतात. ती छपाईची चूक नव्हे, वेगवेगळ्या प्रक्रिया एकाच वेळी चालू होत्या म्हणून तसं केलंय. परीक्षेत पहिला आणि शेवटचा कालखंड प्रत्येकी ४ ते ६ टक्के, दुसरा ६ ते ८, आणि मधले सहा प्रत्येकी १० ते १७ टक्के. तरी मुलं कोलंबसापासून जोमाने सुरू करतात आणि यादवी युद्धानंतरच्या पुनर्रचनेपर्यंत येईतो मार्च उजाडतो. तिसऱ्या कालखंडापासून सुरू करा, पहिले दोन नंतर आठवडाभरात होतात.

कारण आणि परिणाम लिहायचा सराव कापसावर करा. १८६१ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत उत्तर विरुद्ध दक्षिण असं यादवी युद्ध पेटलं आणि राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली. लँकेशायरच्या गिरण्यांचा बहुतांश कापूस तिथूनच येत होता. तो अडला, भाव चढला, ब्रिटिश व्यापारी हिंदुस्थानकडे वळले, मुंबईत पैशाचा पूर आला आणि त्यावर शेअरचा सट्टा माजला. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचे सेनापती जनरल ली शरण आले, भाव कोसळला आणि मुंबईतल्या कंपन्या, बँका धडाधड बुडाल्या. प्रत्येक दुवा 'त्यामुळे' या शब्दाने जोडता येतो का, ते तपासा.

आता सापळा. पुढची पायरी म्हणून मुलं लिहितात: त्यामुळे मुंबईत गिरण्या निघाल्या आणि कोकणी माणूस गिरणीत गेला. तारीख बघा. मुंबईची पहिली सूतगिरणी १८५४ ची, युद्धाच्या सात वर्षं आधीची. गिरण्यांची मोठी वाढ पुढच्या दशकांतली, आणि तिला इतरही कारणं होती. एकामागून एक घडलं म्हणजे एकामुळे दुसरं घडलं असं होत नाही. तसाच, हा कापूस कोकणातला नव्हता. वऱ्हाड, खानदेश, गुजरातचा होता. जांभ्या मातीत आणि इथल्या पावसात कापूस होत नाही. कोकणाने माल नाही, माणूस पुरवला. १८८० च्या रत्नागिरी-सावंतवाडी गॅझेटियरमध्ये मुंबईला कामासाठी जाणाऱ्यांची नोंद सापडते. अस्सल साधन वाचायचा सराव म्हणून ती पानं उघडा आणि लिहिणारा कोण, कुणासाठी लिहितोय, काय बघायला तो चुकला असेल, हे समासात टिपा.

पुनर्रचनेचा काळ, १८६५ ते १८७७, खोतीवरून चटकन कळतो. १३ व्या दुरुस्तीने गुलामगिरी संपली, १४ व्याने नागरिकत्व आणि कायद्याचं समान संरक्षण दिलं, १५ व्याने कृष्णवर्णीय पुरुषांना मताचा हक्क. जमीन कुणीच दिली नाही. मग पूर्वीचे गुलाम पूर्वीच्याच मालकाची जमीन वाट्याने कसू लागले. बी, अवजारं, उधारी मालकाची किंवा दुकानदाराची, आणि हंगामाअखेर निम्म्याच्या आसपास पीक देऊन हिशेबात पुन्हा बाकी. कोकणात अर्धेलीने कसणारं कूळ आणि खोत यांचं नातं ज्याने आजोबांकडून ऐकलंय, त्याला कायद्याने मोकळा माणूस कर्जाने कसा बांधला जातो हे सांगावं लागत नाही. डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं आणि कायदा १९४९ मध्ये झाला. फरक विसरू नका: खोतीमागे मालमत्ता म्हणून विकल्या जाणाऱ्या माणसांचा इतिहास नव्हता.

तसंच महाडचं. मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव केला, महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळं खुलं असल्याचं ठरवलं, तरी पाणी घेता येत नव्हतं म्हणून २० मार्च १९२७ चा सत्याग्रह झाला. हक्क कागदावर आणि हक्क हातात यांतलं अंतर इथे मोजता येतं. मग ब्राउन विरुद्ध शिक्षण मंडळ, १९५४, आणि आर्कान्सा राज्यातलं लिटल रॉक, १९५७, वाचा: शाळांतला वर्णभेद घटनाबाह्य ठरून तीन वर्षं झाली तरी नऊ कृष्णवर्णीय मुलांना गोऱ्यांच्या शाळेत सोडायला सैन्य पाठवावं लागलं. समजायला महाड, लिहायला लिटल रॉक.

महात्मा फुल्यांनी 'गुलामगिरी' १८७३ मध्ये अमेरिकेतल्या गुलामगिरीविरुद्ध झटलेल्या सदाचारी लोकांना अर्पण केली. साधनाची चिकित्सा शिकायला ही अर्पणपत्रिका उत्तम आहे. लेखक कोण, वाचक कोण, हेतू काय, आणि तारखेमुळे काय फरक पडतो? १८७३ म्हणजे पुनर्रचना अजून चालू होती. दक्षिणेतलं संघराज्याचं सैन्य मागे घेऊन ती १८७७ मध्ये गुंडाळली गेली. चार वर्षांनी लिहिली असती तर सूर हाच राहिला असता का, या प्रश्नावर पाच ओळी लिहा.

उत्तर लिहिताना

इतिहासाचा पेपर: ५५ मिनिटांत ५५ बहुपर्यायी प्रश्न, ४० टक्के, ४० मिनिटांत तीन लघुत्तरं, २० टक्के, तासाभराचा दस्तऐवजांवरचा निबंध, २५ टक्के, ४० मिनिटांचा दुसरा निबंध, १५ टक्के. दस्तऐवज सात असतात. पहिली १५ मिनिटं फक्त वाचा आणि प्रत्येकापुढे 'बाजूने', 'विरुद्ध' किंवा 'वेगळंच' एवढंच लिहा. मग विधान, म्हणजे निबंधात सिद्ध करायचा मुद्दा, ठरवा. 'पुनर्रचनेमुळे काही बदल झाले आणि काही झाले नाहीत' हे विधान नव्हे, ते कुठल्याही काळाला लागू होतं. 'दुरुस्त्यांनी कायदेशीर दर्जा बदलला, पण जमीन न मिळाल्याने आर्थिक परावलंबन टिकलं आणि १८७७ नंतर राजकीय हक्कही हिरावले गेले' हे विधान: यात बाजू आहे, कारण आहे आणि परिच्छेदांचा क्रमही आहे. दस्तऐवजांचा सारांश देत बसणं ही सर्वांत महागडी सवय. प्रत्येक दस्तऐवजानंतर 'यावरून दिसतं की' ने सुरू होणारं तुमचं वाक्य हवं.

भूगोलाची तीन दीर्घ उत्तरं उलट वळणाची. ७५ मिनिटं, प्रत्येकी सात उपप्रश्न, प्रत्येकाला एक गुण. प्रस्तावना लिहू नका, कुणी वाचत नाही. आयडेंटिफाय म्हटलं की नाव पुरे. डिस्क्राइबला दोन वाक्यं. एक्सप्लेनला 'कारण' हवंच, आणि तिथेच गुण गळतात. 'रत्नागिरीत स्त्रिया जास्त आहेत' हे वर्णन. 'कामाच्या वयाचे पुरुष मुंबईला गेल्यामुळे' हे स्पष्टीकरण.

शासनाच्या निबंधात ठरवून दिलेल्या नऊ मूलभूत दस्तऐवजांपैकी किमान एक वापरावा लागतो. सगळे सारखेच घोटण्यापेक्षा राज्यघटना, तिच्या बाजूने लिहिलेले लेख फेडरलिस्ट १० आणि फेडरलिस्ट ५१, आणि तिच्याविरुद्धचा लेख ब्रूटस १ हे चार पक्के करा. यांच्यावर बहुतेक प्रश्न निभावतात.

भाषेसाठी संज्ञांची वही वेगळी ठेवा: इंग्रजी संज्ञा, मराठीत अर्थ, कोकणातलं उदाहरण, अमेरिकेतलं उदाहरण. अर्थ मराठीत लिहिण्यात कमीपणा नाही, तिथेच समज तपासली जाते. मात्र जानेवारीपासून मराठी रकाना झाकून, फक्त संज्ञा बघून इंग्रजीत दोन वाक्यं टाइप करायची. ज्या संज्ञेला अमेरिकेचं उदाहरण आठवत नाही तिच्यावर लाल खूण करा आणि एप्रिलमध्ये फक्त लाल खुणा वाचा.